कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर: विद्यापीठं कशी निवडायची आणि कधी

ऑक्टोबर लागला की आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप उघडा असतो. ओळखीतल्या कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी कम्युनिटी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असते आणि ट्रान्सफरचा, म्हणजे उरलेली दोन वर्षं विद्यापीठात करण्यासाठीचा, अर्ज भरायचा असतो. "काकू, चार कॅम्पस ठरलेत. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, डेव्हिस. विषय सगळे झालेत माझे." मग आम्ही एकेका कॅम्पसची विषयांची यादी उघडतो. अर्ध्या तासात दिसतं, की एका ठिकाणी लागणारा गणिताचा विषय घेतलेलाच नाही. आणि तो आता स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारीपासूनच्या सत्रात, बसवता येत नाही, कारण त्याच्या आधीचा विषयही राहिलाय.

या मुलांचे ग्रेड चांगले असतात, कष्टही केलेले असतात. चुकलेला असतो तो क्रम. आधी विषय घेऊन झाले, मग विद्यापीठं निवडली. खरं तर विद्यापीठं पहिल्या सत्रातच निवडायची आणि त्यावरून विषय ठरवायचे. हे कसं करायचं ते इथे पायरीपायरीने लिहिलं आहे.

लेख कॅलिफोर्नियापुरता आहे, कारण ट्रान्सफरचे नियम राज्यागणिक बदलतात. बे एरियात वाढलेली आपली मुलं आणि पुण्या-नाशकाहून बारावी करून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट इथल्या कम्युनिटी कॉलेजात येणारी मुलं, दोघांचा विचार केला आहे. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. तिचे पदवीचं शिक्षण देणारे ९ कॅम्पस आहेत. सीएसयू म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. सॅन होजे स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कॅल पॉली ही तिच्यातली नावं.

## आधीची तयारी: कागद आणि कॅलेंडर

कॉलेज सुरू होण्याआधी, निदान पहिल्या महिन्यात, या गोष्टी एका फोल्डरमध्ये जमा करा.

हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतले असतील तर त्यांचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडचा अधिकृत उतारा. हे हमखास राहतं. दहावी-अकरावीच्या वयात उन्हाळ्यात सहज घेतलेला विषय आणि त्यात मिळालेला सी, दोन्ही कायमच्या कॉलेज रेकॉर्डवर असतात आणि अर्जात लिहावेच लागतात.

एपी, म्हणजे हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेजच्या दर्जाच्या परीक्षांचे अधिकृत निकाल. भारतातून आलेल्यांनी बारावीची गुणपत्रिका ठेवावी. एफवायबीएस्सी किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन मध्येच सोडलं असेल तर तिथली कागदपत्रंही ठेवा. सोडलेलं कॉलेजसुद्धा अर्जात दाखवावं लागतं.

आणि एक कॅलेंडर. समजा ऑगस्ट २०२६ मध्ये कम्युनिटी कॉलेज सुरू केलं आणि दोन वर्षांनी, फॉल २०२८ ला (ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच्या सत्रात) ट्रान्सफर व्हायचं आहे. त्याचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये जाणार. म्हणजे अर्ज भरताना तुमच्या हातात फक्त पहिल्या वर्षाचे आणि मधल्या उन्हाळ्याचे ग्रेड असतात. दुसऱ्या वर्षाचा फॉल तेव्हा चालू असतो, स्प्रिंग उगवायचा असतो. "पहिलं वर्ष जरा रुळायला घेऊ, दुसऱ्या वर्षी जोर लावू" हा आपल्याकडचा हिशोब इथे साफ चुकतो. तुमचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, म्हणून जो आकडा अर्जात जातो, तो बहुतांशी पहिल्या वर्षाचाच असतो.

तपासा: कॉलेजच्या कौन्सिलरबरोबर बसून एज्युकेशनल प्लॅन, म्हणजे कोणत्या सत्रात कोणता विषय याचा आराखडा, केला का? तो केलेला असेल तर नोंदणीला सहसा लवकरची तारीख मिळते. गणित आणि फिजिक्सचे वर्ग लवकर भरतात, त्यामुळे ही तारीख महत्त्वाची.

## पायरी १: आधी मेजर, मग कॅम्पस

ट्रान्सफर विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. त्यामुळे विद्यापीठ पहिला प्रश्न विचारतं तो मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा: या मेजरच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय याने केलेत का? 'यूसीएलएला जायचंय' हे उत्तर पुरत नाही. 'यूसीएलएला इकॉनॉमिक्सला जायचंय' असं म्हटलं की निदान यादी तरी उघडता येते.

पहिल्या सत्रात मेजर पक्कं नसेल तर दोन जवळची मेजर धरा, ज्यांचे सुरुवातीचे विषय सारखे आहेत. इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स, दोन्हींना कॅल्क्युलस लागतं. कॉम्प्युटर सायन्स आणि मॅथेमॅटिक्स, तिथेही कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा. पण बायोलॉजी आणि बिझनेस अशी जोडी धरलीत तर दोन वर्षांत दोन्हींचे विषय बसत नाहीत. पहिल्या वर्षाच्या शेवटी एकाला निरोप द्यावाच लागतो.

सावधान: "आधी सोप्या मेजरमधून आत शिरू आणि मग कॉम्प्युटर सायन्सला बदलू," हा सल्ला पार्किंग लॉटपासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे मिळतो. त्यावर प्रवेश बेतू नका. ज्या मेजरला गर्दी आहे तिथे आतून बदलणं अनेक कॅम्पसवर बंद किंवा फार अवघड आहे, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्याकडे त्यासाठी दोनच वर्षं असतात. जे मेजर अर्जात लिहिलं तेच शिकावं लागेल असं धरून चाला.

## पायरी २: असिस्टवर यादी वाचायला शिका

असिस्ट डॉट ऑर्ग ही कॅलिफोर्नियाची अधिकृत साइट आहे. तुमच्या कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय यूसीच्या किंवा सीएसयूच्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो, ते तिथे लिहिलेलं असतं. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. शैक्षणिक वर्ष, तुमचं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मेजर निवडलं की यादी येते. सगळ्यात जास्त चुका ही यादी वाचताना होतात, म्हणून इथे घाई नको.

डावीकडे विद्यापीठाचा विषय असतो, उजवीकडे तुमच्या कॉलेजचा. वाचायला सुरुवात डावीकडून करा. आपली मुलं उजवीकडे बघतात, ओळखीचे विषय दिसले की समाधान मानतात आणि डावीकडची मोकळी ओळ नजरेतून सुटते.

उजवीकडे दोन विषयांच्या मध्ये 'अँड' असेल तर दोन्ही घ्यायचे. 'ऑर' असेल तर एक. एवढंसं दिसतं, पण आमच्या घरी याच शब्दावर एक सत्र गेलं. मुलीचं कॉलेज क्वार्टर पद्धतीचं होतं, म्हणजे वर्षात दोन सेमिस्टरऐवजी तीन छोटी सत्रं. फिजिक्सच्या ओळीत उजवीकडे तीन विषय 'अँड'ने जोडलेले होते आणि डावीकडे दोन. तिने दोन केले, तिसरा उन्हाळ्यात दुसऱ्या, सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात करू असं आम्ही ठरवलं. तिथे गेल्यावर कळलं की त्या कॉलेजात तोच अभ्यासक्रम वेगळ्या ठिकाणी तोडलेला आहे. तिला हवा असलेला भाग अर्धा इथे, अर्धा तिथे. शेवटी फॉलमध्ये परत मूळ कॉलेजात तो तिसरा विषय घ्यावा लागला, आणि त्या फॉलसाठी ठरवलेला दुसरा विषय पुढे गेला. आम्ही तिघांनी मिळून ती ओळ वाचली होती, तरी 'अँड' म्हणजे सगळी मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करावी, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून हा नियम पाळा: कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री यांची मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, कॅलिफोर्नियातली बहुतेक कम्युनिटी कॉलेजं सेमिस्टरवर. मालिकेच्या मध्येच कॉलेज बदललं की एक तुकडा दोनदा शिकावा लागतो किंवा एक राहून जातो.

उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ इतकाच, की या विषयाच्या बदल्यात धरता येईल असा विषय तुमच्या कॉलेजात नाही. विद्यापीठाला तो विषय नको आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तेव्हा असिस्टवर जवळच्या दुसऱ्या कॉलेजाची तीच यादी उघडा. तिथे असेल आणि वेळापत्रकात बसत असेल तर तिथे घ्या. नसेल तर त्या कॅम्पसच्या ट्रान्सफर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर फोल्डरमध्ये ठेवा.

यादीच्या वरचा मजकूरही वाचा. कोणते विषय सक्तीचे, कोणते फक्त 'शिफारस केलेले', किमान ग्रेड किती, स्प्रिंगपर्यंत काय संपलं पाहिजे, हे तिथे गद्यात लिहिलेलं असतं. गर्दीच्या मेजरला 'शिफारस केलेला' विषयही सक्तीचाच समजा. शेजारच्या अर्जात तो असणार आहे.

तपासा: वरचं शैक्षणिक वर्ष बरोबर निवडलंय का? कोणता विषय कशाच्या जागी धरायचा याचे हे करार दरवर्षी नव्याने येतात. दर उन्हाळ्यात यादी पुन्हा उघडून जुनीशी ताडून बघा.

तपासा: एपीचे गुण असिस्टच्या यादीत दिसत नाहीत. एपी कॅल्क्युलसच्या जोरावर पहिला विषय सोडणार असाल, तर प्रत्येक कॅम्पसची एपीची पद्धत वेगळी बघा. सगळीकडे सारखी नसते.

## पायरी ३: एकाच कागदावर तक्ता मांडा

आता एक मोठा कागद घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. आडव्या रांगेत ७-८ कॅम्पस. उभ्या रांगेत सगळ्या यादींमधून गोळा केलेले तुमच्या कॉलेजचे विषय. ज्या कॅम्पसला जो विषय सक्तीचा तिथे 'स', शिफारस असेल तिथे 'शि', लागत नसेल तिथे रेघ.

तक्ता भरला की आपोआप दिसतं. चार-पाच विषय सगळ्यांना लागतात, ते पहिल्या वर्षात. दोन-तीन विषय निम्म्या कॅम्पसना लागतात, ते त्यानंतर. आणि एखादा कॅम्पस असा निघतो, की त्याच्या एकट्यासाठी तीन वेगळे विषय घ्यावे लागतात. आता ठरवा: तो कॅम्पस खरंच इतका हवा आहे का? हवा असेल तर ते तीन विषय आजच वेळापत्रकात घाला. नसेल तर आजच त्याच्यावर काट मारा. नोव्हेंबरात अर्धी तयारी घेऊन अर्ज करण्यात काही राम नाही.

विषयांच्या साखळ्याही इथेच बाणाने दाखवा. कॅल्क्युलसचे भाग एकामागून एकच घेता येतात, फिजिक्सला कॅल्क्युलस आधी लागतं, डेटा स्ट्रक्चर्सला प्रोग्रामिंगचा पहिला विषय. सगळ्यात लांब साखळी कोणती ते शोधा. तिची पहिली कडी पहिल्याच सत्रात सुरू झाली पाहिजे. गणिताच्या वर्गात जागा मिळाली नाही म्हणून सत्रभर नुसते इतर विषय घेणारा विद्यार्थी तिथेच एक सत्र मागे पडतो.

## पायरी ४: सामान्य विषय, म्हणजे जीई

मेजरच्या विषयांशिवाय इंग्लिश, समाजशास्त्र, कला, विज्ञान असे सामान्य विषय लागतात. २०२५ च्या फॉलपासून कम्युनिटी कॉलेज सुरू करणाऱ्यांसाठी यूसी आणि सीएसयू दोन्हींकरता कॅल-जेटीसी हा एकच साचा आहे: ११ विषय, ३४ सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप). जुन्या मुलांच्या तोंडी आयजेटीसी हे नाव ऐकाल. ते त्याआधी सुरू केलेल्यांचं.

हा साचा पूर्ण करणं म्हणजे प्रवेश नव्हे. इंजिनिअरिंगसारख्या विषयांनी गच्च भरलेल्या मेजरमध्ये जीईच्या मागे लागून मेजरचे विषय राहिले तर नुकसानच होतं. बर्कलीच्या इंजिनिअरिंग आणि केमिस्ट्रीच्या कॉलेजांना तर हा साचा नकोच असतो, त्यांचे स्वतःचे नियम आहेत. अशा वेळी आधी मेजर, उरलेल्या जागेत जीई.

काही गोष्टी मात्र कुणालाच सुटत नाहीत. यूसीला इंग्लिश कॉम्पोझिशनचे दोन विषय आणि गणिताचा एक, शिवाय आणखी चार विषय किमान दोन वेगवेगळ्या क्षेत्रांतले, प्रत्येकात किमान सी. ट्रान्सफर होऊ शकणारी ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट. हे सगळं फॉलला जाण्याआधीच्या स्प्रिंगमध्ये संपलेलं हवं. सीएसयूला चार विषय असेच: भाषण, लेखन, चिकित्सक विचार आणि गणित. कौन्सिलर यांना 'गोल्डन फोर' म्हणतात.

सावधान: "उरलेला एक विषय उन्हाळ्यात करून टाकू" हे शेवटच्या उन्हाळ्याला लागू होत नाही. किमान अटीतला विषय स्प्रिंगनंतर राहिला तर प्रवेश अडतो.

## पायरी ५: टॅग कुठे लावायचा

टॅग म्हणजे अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत.

टॅग एकाच कॅम्पसला लावता येतो. अर्ज १ ते ३० सप्टेंबर या महिन्यातच भरायचा. तोवर ३० सेमिस्टर किंवा ४५ क्वार्टर युनिट झालेली असली पाहिजेत. जीपीए कॅम्पसप्रमाणे आणि मेजरप्रमाणे बदलतो; डेव्हिसला सुरुवात ३.२ पासून, सांता बार्बराला ३.४ पासून. सगळी मेजर टॅगमध्ये नसतात. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंगला टॅग लावता येत नाही. यूसी दरवर्षी 'टॅग मॅट्रिक्स' नावाचा तक्ता काढते, त्यात तुमच्या मेजरची ओळ सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टॅग लावताना मुलं बहुधा 'सगळ्यात नावाजलेला कॅम्पस' निवडतात. माझा सल्ला वेगळा आहे: सहांपैकी ज्या कॅम्पसला हमी मिळाल्यावर तुम्ही खरंच आनंदाने जाल आणि जिथे तुमचं मेजर दोन वर्षांत पूर्ण होईल, तो. बाकी पाचांना साधा अर्ज करता येतोच.

सावधान: सप्टेंबरात टॅग भरला म्हणजे अर्ज झाला असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यूसीचा मुख्य अर्ज त्याच कॅम्पसला, त्याच मेजरसाठी पुन्हा भरावा लागतो. मेजर बदललं की हमी गेली.

सावधान: 'टॅप' नावाच्या दोन गोष्टी आहेत. यूसीचं ऑनलाइन ट्रान्सफर ॲडमिशन प्लॅनर, ज्यातून टॅग भरला जातो, ते एक. यूसीएलएचा ट्रान्सफर अलायन्स प्रोग्राम हा दुसरा. तो तुमच्या कॉलेजच्या ऑनर्स प्रोग्राममधून करावा लागतो. एकाची नोंदणी झाली म्हणून दुसऱ्याची झाली असं होत नाही.

सीएसयूकडे जायचं असेल तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर, म्हणजे एडीटी, घ्या. ती असेल तर सीएसयूत कुठेतरी जागा मिळण्याची हमी असते आणि पुढे ६० युनिटांत पदवी पूर्ण होते. 'कुठेतरी' हा शब्द नीट लक्षात ठेवा. सॅन होजे स्टेटच्या कॉम्प्युटर सायन्सची ती हमी नाही.

## पायरी ६: अंतिम यादी

आता तक्त्यातल्या नावांची संख्या आटोक्यात आणा. यूसी इन्फर्मेशन सेंटरच्या साइटवर 'ट्रान्सफर्स बाय मेजर' नावाचा विभाग आहे. कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या मेजरला किती अर्ज आले, किती घेतले आणि घेतलेल्यांचा जीपीए साधारण कोणत्या पट्ट्यात होता, ते तिथे दिसतं. संपूर्ण कॅम्पसचा प्रवेशाचा टक्का बघून ठरवू नका. एकाच कॅम्पसवर इतिहासाचं दार सताड उघडं आणि कॉम्प्युटर सायन्सचं जेमतेम किलकिलं, असं असतं.

तुमचा जीपीए त्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा वर असेल तर तो कॅम्पस तुमच्या टप्प्यात. खाली असेल तर तो प्रयत्न म्हणून ठेवा, एक किंवा दोन, त्याहून जास्त नको. मला पटणारी यादी अशी दिसते: एक टॅग, टप्प्यातले दोन यूसी, प्रयत्नाचे एक-दोन, आणि दोन सीएसयू, ज्यातलं एक घरापासून जाण्यायेण्याच्या अंतरावर. यूसीचा अर्ज एका कॅम्पसला ८० डॉलर (एफ-१ वाल्यांना ९५), सीएसयूचा ७०. उत्पन्न कमी असेल तर दोन्हींकडे चार कॅम्पसपर्यंत फी माफ होते, ती मागायला संकोच करू नका. यूएससीसारखी खाजगी विद्यापीठंही ट्रान्सफर घेतात, पण त्यांचे नियम, तारखा आणि विषय वेगळे असतात; त्यांच्यासाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना करा.

मग प्रत्येक नावाला हे तीन प्रश्न विचारा.

दोन वर्षांत पदवी होईल का? विभागाच्या पानावर ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचा नमुना आराखडा असतो, तो शोधा. तुमचा एक विषय कमी असेल आणि त्याच्यावर पुढची साखळी अवलंबून असेल तर दोनाची तीन वर्षं होतात आणि खर्चही तेवढाच वाढतो. स्वस्तात पडतं म्हणून कम्युनिटी कॉलेज निवडलेल्या घराला हे तिसरं वर्ष फार महागात जातं.

राहायचं कुठे? सांता क्रूझ आणि सांता बार्बरा इथे घरं महाग आणि दुर्मीळ आहेत. ट्रान्सफर विद्यार्थ्यांना हॉस्टेलची खात्री किती वर्षांची, ते हाउसिंगच्या पानावर बघा.

फी कोणत्या दराने लागणार? यावर जरा थांबू, कारण आपल्या घरांमध्ये हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो.

## पायरी ७: व्हिसा आणि फीचा दर

कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. यूसीत रहिवासी आणि बाहेरचा यांच्या फीमध्ये वर्षाला ३७ हजार डॉलरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे 'रहिवासी' कोण, हे कळलंच पाहिजे.

एफ-१ वर आलेला विद्यार्थी कितीही वर्षं इथे राहिला तरी फीसाठी रहिवासी होत नाही. त्याला यूसीचा किमान जीपीएही वेगळा: रहिवाशाला २.४, बाहेरच्याला २.८.

आई किंवा वडील एच-१बी वर आणि मूल एच-४ वर असेल तर अटी पूर्ण करून ते रहिवासी ठरू शकतं. पण एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपतो, आणि ट्रान्सफर होणारं मूल नेमकं तिसऱ्या-चौथ्या वर्षात २१ चं होतं. तेव्हा एफ-१ वर जावं लागलं की फीचा दरही बदलण्याची वेळ येते. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी मुलाच्या २१ व्या वाढदिवसाची तारीख तक्त्याच्या माथ्यावर लिहावी. प्रत्येक कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसला अर्ज करण्याआधी ईमेलने विचारावं, आणि व्हिसाचं इमिग्रेशनच्या वकिलाला. मंडळाच्या गणपतीत कुणी काय सांगितलं त्यावर चार वर्षांच्या पैशांचा निर्णय घेऊ नका.

एफ-१ वाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. दर सत्रात पूर्णवेळ म्हणजे १२ युनिट लागतात आणि त्या बारात ऑनलाइन फक्त एकच विषय, जास्तीत जास्त ३ युनिटचा, धरता येतो. आणि सगळे विषय डिसेंबरात संपवून फॉलची वाट पाहण्याचा बेत करू नका. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाताना पाच महिन्यांच्या आत नवा वर्ग सुरू व्हावा लागतो. डिसेंबर ते सप्टेंबर त्यात बसत नाही. विषय असे वाटून घ्या की स्प्रिंगमध्येही पूर्णवेळ शिकणं चालू राहील.

अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनी फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, २ मार्चच्या आत भरावा, कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीसाठी हीच तारीख असते.

## पायरी ८: अर्ज आणि त्यानंतरचे महिने

यूसीचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो, पण पाठवता येतो तो १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत; शेवटची तारीख सुट्टीला आली तर एखाद-दोन दिवस पुढे जाते. सीएसयूचा 'कॅल स्टेट अप्लाय'वर, त्याच सुमारास. शेवटच्या रात्री साइट रखडते. निदान आठवडाभर आधी पाठवा.

यूसी अर्जाच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट मागत नाही. तुम्ही जे टाइप कराल तेच धरलं जातं आणि पुढे मूळ ट्रान्सक्रिप्टशी ताडलं जातं. म्हणून ट्रान्सक्रिप्ट शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर बघून भरा. डब्ल्यू (मध्येच सोडलेला विषय), नापास विषय, पुन्हा घेतलेला विषय, हायस्कूलमध्ये असतानाचं कॉलेज, सगळं आलं पाहिजे. एक जण ग्रेड वाचून दाखवेल आणि दुसरा स्क्रीनवर बघेल, असं केलं तर चूक सापडते. आमच्याकडे हे काम आजोबांनी केलं, आणि त्यांना एक चुकीचं सत्र सापडलं.

चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यातला एक ट्रान्सफर विद्यार्थ्यांना सक्तीचा: मेजरसाठी तुम्ही काय तयारी केली. इथे विषयांची यादी परत लिहू नका, ती अर्जात आहेच. कोणत्या प्रयोगात, कोणत्या नोकरीत, कोणत्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही काय केलं ते सांगा.

जानेवारीत यूसी ट्रान्सफर ॲकॅडमिक अपडेट मागते. फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय ३१ जानेवारीपर्यंत भरायचे. याचा ईमेल स्पॅममध्ये जातो आणि मुलं विसरतात. फॉर्म भरला नाही तर निकालावर परिणाम होतो.

सावधान: अपडेटनंतर स्प्रिंगमधला विषय गुपचूप सोडू नका. सोडावाच लागला तर कॅम्पसला आधी कळवा. प्रवेश मिळतो तो अटींवर, आणि जाहीर केलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर दिसला नाही किंवा त्यात डी आला तर तो परत घेतला जाऊ शकतो.

निकाल मार्च-एप्रिलमध्ये येतात. हो कळवण्याची तारीख यूसीला १ जून. त्या आधीच्या महिन्यात, जिथे जिथे प्रवेश मिळालाय त्या प्रत्येक विभागाच्या सल्लागाराला तुमची विषयांची यादी पाठवून एकच प्रश्न विचारा: "माझे यातले कोणते विषय मेजरसाठी धरले जातील आणि पदवीला किती सत्रं लागतील?" दोन विद्यापीठांमध्ये मन अडकलं असेल तर या उत्तराने बहुधा सुटका होते. आमच्या मुलीला एका नावाजलेल्या कॅम्पसकडून सात क्वार्टर असं उत्तर आलं आणि टॅगवाल्या कॅम्पसकडून सहा. तिने टॅगचा कॅम्पस घेतला.

हो कळवल्यावर अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैच्या आत पोचवा, आणि ते प्रत्येक कॉलेजातून मागवा. उन्हाळ्यात एकच विषय घेतलेलं दुसरं कॉलेजही त्यात आलं. कॅल-जेटीसीचं सर्टिफिकेट आपोआप जात नाही, कॉलेजकडे वेगळी विनंती करावी लागते. एपीचे निकाल कॉलेज बोर्डातून थेट नव्या कॅम्पसला पाठवा. एफ-१ वाल्यांनी जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसात सेव्हिस रेकॉर्ड (व्हिसाची सरकारी ऑनलाइन नोंद) कोणत्या तारखेला नव्या कॅम्पसकडे सोडायचं ते ठरवून घ्या आणि नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) हातात आल्याशिवाय सुट्टीत भारताचं तिकीट काढू नका.